जुन्या मासिकांचं ओसीआर (पानाच्या चित्रातून मजकूर ओळखणं): अनुस्वार गळतात, ‘ऱ्या’चा ‘र्या’ होतो. चूक स्कॅनची की इंजिनाची?

दप्तरबंद

एका मराठी मासिकाचे १९३५ ते १९४८ मधले बांधीव खंड आहेत. साधारण ११०० पानं, डेमी आकार, खिळ्यांची छपाई, दोन स्तंभ. कागद पिवळा पडलाय आणि बऱ्याच पानांवर मागची छपाई पुढे उमटते. युनिकोडमध्ये शोधता येईल असा मजकूर हवा आहे. पुढेमागे विकिस्रोत या मुक्त ऑनलाइन ग्रंथालयावर चढवायचा विचार असल्यामुळे तो जसा छापलाय तसाच हवा, आजच्या शुद्धलेखनात ‘सुधारलेला’ नको.

सध्या असं चाललंय: फ्लॅटबेड स्कॅनर, ३०० डीपीआय (इंचाला ३०० पिक्सेल), स्कॅनरचा ‘टेक्स्ट’ मोड, थेट पीडीएफ. मग उबुंटूवर टेसरॅक्ट ५ हे ओसीआरचं इंजिन, भाषा मराठी + हिंदी + इंग्रजी, बाकी सेटिंग जशी येतात तशी.

एका वाक्याचा नमुना देतो.

छापील: आचाऱ्यांनीं सर्व पाहुण्यांस वाढिलें, परंतु घरधनी भोजनास बसले नाहींत.
ओसीआर: आचार्यानी सर्व पाहुण्यास वाढिले, परंतु घरघनी मोजनास बसले नाहीत.

दोन स्तंभांच्या ओळी अधूनमधून एकमेकींत मिसळतात, तो त्रास वेगळाच. पानं परत स्कॅन करावी लागणार असतील तर तीही तयारी आहे, पण त्याने नक्की काय सुधारेल ते आधी कळायला हवं. की इंजिनच बदलू?

खिळेजुळारी

नमुना दिलात हे बरं केलंत, निम्मं निदान त्यातच आहे. आठ चुका आहेत आणि त्या तीन जातींच्या आहेत.

आधी ‘घरघनी’ आणि ‘मोजनास’ घ्या. ध आणि भ यांची शिरोरेषा डावीकडे तुटलेली असते. घ आणि म यांची सलग. या जोड्यांमधला मुख्य फरक तेवढ्या फटीत आहे. खिळ्यांच्या छपाईत शाई पसरून ती फट आधीच अरुंद झालेली असते. त्यात स्कॅनरच्या ‘टेक्स्ट’ मोडने एक उंबरठा ठरवून प्रत्येक पिक्सेल काळा की पांढरा हा निकाल लावून टाकला. फट बुजली की ध चा घ आणि भ चा म होणारच, इंजिन कोणतंही आणा. उंबरठा उलट बाजूला गेला तर शिरोरेषा नको तिथे तुटते आणि म चा भ होतो. ही चूक स्कॅनची.

‘पाहुण्यांस’मधला (आणि ‘आचाऱ्यां’वरचा) अनुस्वारही बहुधा स्कॅनमध्येच गेलाय, कारण हा शब्द आजही असाच लिहितात आणि इंजिनाला तो अनोळखी नाही. ‘परंतु’वरचा टिकला, हा गेला. छापलेला ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा असतो. ३०० डीपीआयला तो ६ पिक्सेल रुंद येतो, १५० ला ३, ६०० ला १२. सहा पिक्सेलचा फिकट ठिपका काळं-पांढरं करताना विरून जातो, नाहीतर शेजारच्या मात्रेला चिकटतो. तशात कुठे ‘डाग काढा’ची खूण चालू राहिली तर धूळ समजून तोच आधी उडतो. इंग्रजी पानांसाठी बनवलेल्या या सोयी मराठीच्या मुळावर येतात. इंग्रजीत आय वरचा ठिपका गेला तरी अक्षर ओळखू येतं. आपल्याकडे ‘त्याचा’ आणि ‘त्यांचा’ यांत माणसांची संख्या बदलते.

उरलेल्या तीन अनुस्वारांचं (‘नीं’, ‘लें’, ‘हीं’) आणि ‘ऱ्या’चं प्रकरण निराळं आहे, ते टेसरॅक्टवाल्यांनी सांगावं.

तेव्हा हो, परत स्कॅन करा. ग्रे किंवा रंगीत, ४०० डीपीआय. तळटिपा आणि बारीक टाइपाची पानं ६०० ला. साठवण टिफ किंवा पीएनजीमध्ये. स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमधून थेट पीडीएफ नको, कारण बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये ‘हाय कॉम्प्रेशन’ आधीपासून चालू असतं. त्यातला जेबिग-२ चा नुकसानकारक प्रकार एकसारखी दिसणारी अक्षरं एकाच साच्यात घालतो. मग घ च्या जागी ध असं काही झालं तर पीडीएफ बघून कळतसुद्धा नाही, अक्षर अगदी स्वच्छ दिसतं आणि चुकीचं असतं.

जागेचा हिशेब: डेमी पान ५.५ बाय ८.५ इंच. ६०० डीपीआय ग्रेमध्ये एका पानाचे कच्चे १७ एमबी, ११०० पानांचे साधारण १९ जीबी. ४०० ला ते आठच्या आसपास येतात. आजच्या डिस्कला हे काहीच नाही, त्यामुळे जागेसाठी गुणवत्ता कापू नका.

मागची छपाई उमटते त्यावर स्वस्त उपाय: स्कॅन करायच्या पानामागे काळा कार्डशीट घाला. पांढरा कागद किंवा पुढचं पान मागे असेल तर उजेड त्यावरून परततो आणि मागची अक्षरं दिसतात. पान एकूण किंचित काळपट येईल, पण सारखं येईल. रंगीत स्कॅन घेतलात तर आणखी एक फायदा आहे. पिवळा-तपकिरी कागद लाल वाहिनीत (चित्राच्या लाल रंगाच्या थरात) जवळपास पांढरा दिसतो आणि काळी शाई काळीच राहते. म्हणून इमेजमॅजिक या चित्रांच्या सॉफ्टवेअरने फक्त लाल वाहिनी वेगळी काढून तिलाच ग्रे म्हणून वापरा. अपवाद ग्रंथालयाच्या निळ्या-जांभळ्या शिक्क्याखालच्या मजकुराचा. तिथे लाल वाहिनीत शिक्का आणखी गडद होतो, त्या पानापुरती निळी वाहिनी घ्या.

रफार

खिळेजुळारींशी सहमत. पुढचं सांगतो.

आधी प्रत्येक चुकीला ‘ठिपका चित्रात आहे का?’ एवढंच विचारा. टेसरॅक्टला आतलं चित्र बाहेर काढायला सांगता येतं (‘टेसएडिट राइट इमेजेस’ हा पर्याय १ करा), मग त्याची टिफ फाइल मिळते. ती ४०० टक्के मोठी करून बघा. ठिपका चित्रातच नसेल तर दोष स्कॅनचा. चित्रात ठसठशीत असूनही मजकुरात नसेल तर दोष मॉडेलचा. हे न बघता सेटिंग बदलत बसणं म्हणजे अंधारात तीर.

‘वाढिलें’, ‘नाहींत’ इथे दोष बहुधा मॉडेलचाच निघेल. आवृत्ती ४ पासून टेसरॅक्ट एकेक अक्षर सुटं वाचत नाही. पूर्ण ओळ एका न्यूरल जाळ्यातून जाते आणि आधीची-नंतरची अक्षरं बघून पुढचं ठरतं. मराठी मॉडेल शिकलं ते मुख्यतः आजच्या मजकुरावर. आणि साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांपासून हे उच्चार नसलेले अनुस्वार लेखनातून गेले. त्यामुळे ‘नाहीं’ वरचा ठिपका दिसला तरी मॉडेलचा कल ‘नाही’कडे असतो. शुद्धलेखन तपासणारा कुणी आत बसलाय असंच समजा. तुम्हाला जसंच्या तसं हवं असल्यामुळे याच्याशी सगळ्यात जास्त झगडावं लागेल.

आता करायच्या गोष्टी. उबुंटूच्या पॅकेजमधून येणारं मराठी मॉडेल ‘फास्ट’ संचातलं असतं. ‘टेसडेटा बेस्ट’ संचातलं मराठी उतरवून घ्या. वेग बराच कमी होतो, अचूकता थोडी वाढते. मुख्य म्हणजे पुढे स्वतः शिकवायचं झालं तर ‘बेस्ट’च लागतं, ‘फास्ट’ला पुढे शिकवता येत नाही.

हिंदी काढून टाका. तिन्ही भाषा दिल्या की इंजिन प्रत्येक शब्दाला ज्या मॉडेलचा आत्मविश्वास जास्त त्याचा निकाल घेतं, आणि हिंदी मॉडेल चुकीचा शब्दही फार आत्मविश्वासाने देतं. हिंदीत ळ नाही, पापणीचा र (‘ऱ्या’मधला) नाही. ‘सगळें’चं काय होईल त्याचा भरवसा नाही. इंग्रजी फक्त ज्या पानांवर खरोखर रोमन मजकूर आहे तिथे द्या. एरवी तिच्यामुळे मराठी १ च्या जागी रोमन अंक आणि ॥ च्या जागी 11 असं काहीतरी येतं. त्याऐवजी ‘स्क्रिप्ट’ फोल्डरमधलं ‘देवनागरी’ मॉडेल एकदा चालवून बघा. मराठी, हिंदी, संस्कृत, नेपाळी सगळं एकत्र शिकलेलं असल्यामुळे ते आजच्या मराठीला कमी चिकटलेलं आहे. जुन्या अनुस्वारांना आणि संस्कृत अवतरणांना कधीकधी तेच बरं पडतं.

चित्र काळं-पांढरं करून देऊ नका. न्यूरल इंजिन ओळीचं ग्रे चित्र वाचू शकतं. काळं-पांढरं त्याला पानाची मांडणी आणि ओळी शोधायला लागतं, ते त्याचं ते करतं. पानाचा एक कोपरा काळपट असेल तर आवृत्ती ५ मध्ये ‘थ्रेशोल्डिंग मेथड’ २ द्या, म्हणजे सौव्होला पद्धत. ती पूर्ण पानाला एकच उंबरठा न लावता आसपासचा भाग बघून ठरवते.

ओळी मिसळतात त्याचं कारण मांडणीचा आपोआप अंदाज (पीएसएम ३; पीएसएम म्हणजे पानाची मांडणी कशी समजायची त्याचा पर्याय). मधली पट्टी अरुंद असली की तो फसतो. भरवशाचा मार्ग म्हणजे स्तंभ आधीच कापून दोन चित्रं करायची आणि प्रत्येकाला पीएसएम ६ किंवा ४ द्यायचा. मथळा, पानाचा आकडा, स्तंभांमधली उभी रेघ कापण्यातच बाहेर ठेवा. ती रेघ आत राहिली तर ओळीच्या टोकाला काना किंवा दंड होऊन बसते.

डीपीआयच्या मागे मात्र फार लागू नका. ओळीचं चित्र आत गेल्यावर ठरावीक उंचीला आणलं जातं, त्यामुळे १२०० डीपीआयने काही हाती लागत नाही. क ची उंची शिरोरेषेपासून तळापर्यंत ३०-४० पिक्सेल आली की पुरे. २० च्या खाली असेल तर दुप्पट मोठं करून बघा.

कोपरा_मुडपलेला

वाखूसा (वाचनखूण साठवली).

एक आगाऊ प्रश्न: एवढा उपद्व्याप कशाला? पानाचा फोटो एखाद्या चॅटबॉटला दिला तर तो एका दमात स्वच्छ मराठी देतो की.

मुद्रितशोधक

स्वच्छ देतो हीच अडचण आहे. टेसरॅक्ट चुकतं तेव्हा ‘मोजनास’ येतं आणि डोळ्याला खुपतं. भाषेचं मोठं मॉडेल चुकतं तेव्हा फाटलेल्या कोपऱ्यातला शब्द अंदाजाने भरून, व्याकरणात बसवून देतं, आणि वाचताना कुठेच ठेच लागत नाही. ‘वाढिलें’चं ‘वाढले’ करतं, एकसारख्या सुरुवातीच्या दोन ओळी आल्या तर त्यातली एक गाळतं. वापरायचंच असेल तर तिसरं वाचन म्हणून वापरा. एका वेळी एकच स्तंभ द्या, ओळीला ओळ मागा आणि आलेल्या ओळी छापील ओळींशी मोजून जुळवा. आकडा जुळला नाही तर तो निकाल टाकून द्या.

मूळ प्रश्नाबद्दल. अचूकता मोजल्याशिवाय यातलं काही ठरवू नका. वेगवेगळ्या खंडांतून दहा पानं निवडा (दोन चांगली, दोन वाईट, बाकी मधली) आणि हाताने बिनचूक टंकून ठेवा. प्रत्येक बदलानंतर ओसीआर त्यांच्याशी ताडून चिन्हांमागे किती चुका ते काढा. तुमच्या नमुन्यात रिकाम्या जागा धरून ६८ युनिकोड चिन्हं आहेत आणि ८ चुका, म्हणजे जवळजवळ १२ टक्के. शब्दांनी मोजलं तर ९ पैकी ६ चुकीचे. देवनागरीत हे दोन आकडे असे फटकून असतात, म्हणून कुणी ‘९८ टक्के अचूक’ म्हटलं की कशाचे ९८ ते विचारायचं. चिन्हांचे ९८ असले तरी २५०० चिन्हांच्या पानावर ५० चुका उरतात.

मोजण्याआधी दोन्ही फाइली एकाच रूपात आणा, नाहीतर नसलेल्या चुका दिसतील. ऱ हे एक चिन्ह म्हणूनही येतं आणि र + नुक्ता असं दोन चिन्हांनीही. एनएफसी सामान्यीकरण (युनिकोडची एकच ठरलेली रूपं करणं) केलं की दोन्हींचं एकच ऱ होतं. पण ‘दुसऱ्या’ लिहायची तिसरीही रीत आहे: र, हलन्त आणि मध्ये न दिसणारं जोडचिन्ह. ते एनएफसीला कळत नाही, त्यासाठी शोधा-बदला वेगळं करावं लागतं. तसंच ॲ. एक तर एकसंध चिन्ह, नाहीतर अ वर चंद्र. पडद्यावर दोन्ही सारखी, युनिकोडच्या लेखी वेगळी. यापैकी एक ठरवा आणि सगळीकडे तेच ठेवा. नाहीतर उद्या वाचक ‘ॲक्ट’ शोधेल आणि निम्मे निकाल मिळणारच नाहीत.

आता ‘र्य’ आणि ‘ऱ्य’. हे सरसकट बदलू नका. ‘आचार्यांनी’ आणि ‘आचाऱ्यांनी’ दोन्ही खरे शब्द आहेत. पहिल्याने विद्या दिली, दुसऱ्याने वरणभात. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’चंही तेच. डोळे मिटून बदलता येण्याजोगे साचे थोडेच: ‘णार्य’ दिसलं की ‘णाऱ्य’ (करणाऱ्या, येणाऱ्यांस), ‘दुसर्य’, ‘तिसर्य’, ‘शेतकर्य’, ‘अपुर्य’. ‘र्ह’ बहुतेक ठिकाणी ‘ऱ्ह’च असतो (तऱ्हा, गुऱ्हाळ, कऱ्हाड), पण ‘अर्ह’ आणि ‘गर्ह’ने सुरू होणारे शब्द आधी वगळा. ‘वार्यावर’, ‘सार्या’, ‘खर्या’ यांची यादी करून एकेक बघत जा. ‘सूर्य’, ‘कार्य’, ‘धैर्य’ यांना हात लागता कामा नये.

विसर्ग आणि अपूर्णविरामही असेच अदलाबदल होतात. शब्दाच्या मध्ये आलेला अपूर्णविराम जवळपास नेहमी विसर्ग असतो (‘दु:ख’). शब्दाच्या शेवटी मात्र दोन्ही शक्य आहेत, म्हणून ‘स्वतः’, ‘विशेषतः’, ‘प्रायः’ अशी पंधरा-वीस शब्दांची यादी ठेवून तेवढेच बदला.

दप्तरबंद

सगळ्यांचे मनापासून आभार. दहा पानं टंकून ठेवली आणि त्यातली सहा पुन्हा स्कॅन केली: ४०० डीपीआय, ग्रे, मागे काळा कार्डशीट, मराठी ‘बेस्ट’, स्तंभ कापून पीएसएम ६. चिन्हांमागे चुका ११.६ वरून ३.९ टक्क्यांवर आल्या. ध-घ आणि भ-म जवळपास गेलेच. उरलेल्यांत निम्म्याहून जास्त ‘लें’, ‘नीं’, ‘हीं’ वरचे अनुस्वार आहेत आणि टेसरॅक्टच्या आतल्या चित्रात ते स्पष्ट दिसतात. म्हणजे रफार म्हणाले तसं मॉडेलचंच काम. शिकवायचं तर किती ओळी लागतील? आणि शिवणीकडच्या वाकलेल्या ओळींचं काय करायचं? खंड उसवायची परवानगी नाही.

रफार

शिकवण्यासाठी ६०० ते ८०० ओळी पुरतात. तुमच्या पानावर दोन स्तंभांत ८० च्या आसपास ओळी असतील, म्हणजे आठ-दहा पानं. ती एकाच खंडातली नकोत. चौदा वर्षांत खिळे झिजतात, मध्येच नवा साठा येतो, त्यामुळे दर दीडेक वर्षातलं एक पान घ्या. मोजणीसाठी टंकलेली दहा पानं यात घालू नका, नाहीतर विद्यार्थ्याला प्रश्नपत्रिका आधीच दिल्यासारखं होईल.

हत्यार ‘टेसट्रेन’. प्रत्येक ओळीचं वेगळं चित्र आणि त्याच नावाची मजकुराची फाइल, एवढंच त्याला लागतं. ओळी कापायला आणि टंकायला ‘इस्क्रिप्टोरियम’ सोयीचं आहे. सुरुवातीचं मॉडेल म्हणून मराठी ‘बेस्ट’ द्या, भाषाप्रकार ‘इंडिक’ द्या. हा दुसरा पर्याय लोक विसरतात आणि मग जोडाक्षरांचा चुथडा होतो.

चुका कुठे होतात ते आधीच सांगतो. टंकताना छपाईतली चूकही तशीच ठेवायची. छापखान्याने ‘पुस्कत’ जुळवलं असेल तर ‘पुस्कत’च टंकायचं. तुम्ही ती सुधारलीत की मॉडेल शिकतं, ‘दिसतं एक, लिहायचं दुसरं’, आणि तुम्हाला नेमकी हीच सवय मोडायची आहे. दुसरं, शिकवणी चालू असताना ‘एन्कोडिंग ऑफ स्ट्रिंग फेल्ड’ असा संदेश सरकत जातो आणि कुणी लक्ष देत नाही. याचा अर्थ त्या ओळीत मॉडेलच्या चिन्हसंचात नसलेलं काहीतरी आहे (न दिसणारं जोडचिन्ह, ऽ, एखादं वेगळं अवतरणचिन्ह) आणि ती ओळ वगळली गेली. नेमक्या ‘ऱ्या’च्या ओळी अशा गळल्या तर मॉडेल ऱ्या कधीच शिकणार नाही. म्हणून शिकवण्याआधी सगळ्या फाइलींवर मुद्रितशोधकांनी सांगितलेलं सामान्यीकरण चालवा.

शिकवणीच्या फेऱ्या फार नकोत. एवढ्या ओळींना दोन-तीन हजार पुरतात. दर काही फेऱ्यांनी साठवलेली मॉडेलं तुमच्या दहा पानांवर चालवा आणि सगळ्यात कमी चुकणारं ठेवा. बहुतेकदा ते शेवटचं नसतं.

ओळी कमी पडल्या म्हणून फॉन्टवरून कृत्रिम चित्रं बनवायचा मोह होईल. तेव्हा फॉन्ट मराठी वळणाचा घ्या. शोभिका किंवा यशोमुद्रा चालतील. चित्रात ल आणि श मराठी वळणाचेच आलेत का ते नजरेने बघा, कारण काही फॉन्टमध्ये भाषा मराठी अशी सांगितल्याशिवाय हिंदी वळणच उमटतं. तरी खऱ्या खिळ्यांच्या शंभर ओळी कृत्रिम हजार ओळींना भारी.

खिळेजुळारी

शिवणीबद्दल. फ्लॅटबेडवर खंड दाबून सपाट करायला जाऊ नका. पुठ्ठा निखळेल आणि ओळ तरीही वाकडीच येईल. खंड १०० ते १२० अंशांत उघडा ठेवता येईल असा लाकडी किंवा जाड पुठ्ठ्याचा पाळणा करा, पानावर काच किंवा ॲक्रिलिक ठेवा आणि वरून कॅमेऱ्याने काढा. फोनचा १२ मेगापिक्सेल कॅमेराही चालतो, पण हिशेब बघा: ४००० पिक्सेलची बाजू, ८.५ इंची एक पान चौकटीत पूर्ण भरलं तर ४७० डीपीआय मिळतात. दोन पानं एकदम घेतलीत तर ११ इंच, म्हणजे ३६० च्या आसपास. प्रत्यक्षात कडेला जागा सुटते, म्हणून एकेक पानच काढा. फ्लॅश बंद, दोन बाजूंनी ४५ अंशांत दिवे, फोन स्टँडवर पानाला समांतर, झूम नाही. फोनमधलं ‘डॉक्युमेंट’ किंवा ‘सौंदर्य’ छापाचं जे काही आपोआप सुधारतं ते बंद. ते कडा इतक्या धारदार करतं की अनुस्वाराभोवती पांढरं कडं पडतं.

मग ‘स्कॅनटेलर ॲडव्हान्स्ड’ हे पानांची चित्रं नीट करायचं सॉफ्टवेअर. पानं सुटी करणं, तिरकेपणा काढणं, मजकुराची चौकट, समास, आउटपुट या क्रमाने जा. वाकलेल्या ओळींसाठी आउटपुटमध्ये ‘डीवॉर्पिंग’ आहे. आपोआप करायला सांगितलं तर दोन स्तंभांत गोंधळतं, हाताने वरची आणि खालची वक्र रेघ ओढा. वरची रेघ पहिल्या ओळीच्या शिरोरेषेवर बरोबर बसवायची. देवनागरीत ही आयती पट्टी मिळते, रोमनवाल्यांना ती नाही. आउटपुट ग्रे ठेवा, उजेड सारखा करायचा पर्याय चालू, डिस्पेकल (डाग काढणं) पूर्ण बंद. पीडीएफला ओसीआरचा मजकूर जोडायला ओसीआरमायपीडीएफ वापरणार असाल तर त्यातला ‘क्लीन’ही नको, तिथेही ठिपके गाळायची चाळणी आहे. ‘डिस्क्यू’ (तिरकेपणा काढणं) चालेल.

मजकुराची चौकट आपोआप ठरते, तेव्हा स्तंभाच्या पहिल्या ओळीवर नजर ठेवा. वेलांट्या, मात्रा आणि रफार शिरोरेषेच्या वर असतात. चौकट अगदी अक्षराला टेकून बसली तर त्या ओळीचं डोकंच उडतं.

मुद्रितशोधक

पुरवणी. शिकवलेलं मॉडेल हाताशी आल्यावर त्याचा निकाल दुसऱ्या एखाद्या इंजिनाच्या निकालाशी ताडा. विकिस्रोतावर पान तपासताना ओसीआरच्या बटणातच टेसरॅक्ट आणि गूगल असे पर्याय मिळतात. थोड्या पानांसाठी गूगल ड्राइव्हवर चित्र चढवून ते गूगल डॉक्सने उघडलं तरी मजकूर येतो. फाइल २ एमबीच्या आत ठेवा. जिथे दोघांत फरक आहे तिथे रंग द्या आणि आधी तेच तपासा. पण दोघांचं एकमत म्हणजे बरोबर असं धरू नका. जुन्या अनुस्वारांवर दोघंही एकाच दिशेने चुकतात, आणि नेमक्या त्या जागा रंगाशिवाय राहतात. त्यांच्यासाठी वेगळा शोध लावा: शब्दाच्या शेवटी ‘ले’, ‘नी’, ‘ही’, ‘त’ आलेले सगळे शब्द चित्रासकट एका यादीत काढा आणि ठिपका आहे की नाही एवढंच बघत खाली या. यादीत नजर चालते ती पानात चालत नाही, कारण पान वाचताना आपणही अर्थ वाचतो, ठिपके नाही.

टेसरॅक्टचा टीएसव्ही (तक्त्याच्या रूपातला) निकाल घेतलात तर प्रत्येक शब्दाला विश्वासाचा आकडा मिळतो. ६० च्या खालचे शब्द वेगळे काढा. आणि पूर्ण खंडात फक्त एकदाच आलेल्या शब्दांची यादी करा. विशेषनामं सोडली तर तिच्यात चुकाच चुका सापडतात. आजच्या मराठीचा स्पेलचेकर इथे उपयोगाचा नाही, तो ‘नाहींत’ला लाल रेघ मारत बसेल.

आकडे मात्र हातानेच तपासा. १ आणि ९, ४ आणि ५ यांत कुठलंही मॉडेल चुकतं, आणि चुकलेला आकडा शब्दासारखा विचित्र दिसत नाही. १९३९ चं १९३१ झालं तर वाचणाऱ्याला पत्ता लागत नाही.

विकिस्रोतावर तपासलेलं पान पिवळं होतं आणि दुसऱ्या सदस्याने पडताळल्यावर हिरवं, तेव्हा दुसरा तपासनीस आधीच शोधून ठेवा. चढवण्याआधी लेखकांची यादी करा. भारतात हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, पुढच्या कॅलेंडर वर्षापासून मोजून. मासिकात प्रत्येक लेखाचा लेखक वेगळा, त्यामुळे अंक जुना आहे एवढ्यावर भागत नाही.

कोपरा_मुडपलेला

चॅटबॉटचं मागे घेतो. 🙂 त्या काळातल्या काही अंकांत ‘अितिहास’, ‘अेक’, ‘अुपाय’ असं सावरकरी लिपीशुद्धीचं अ-च्या बाराखडीतलं लेखन असतं. त्याचं काय होतं?

रफार

तयार मॉडेल त्याचं सरळ ‘इतिहास’, ‘एक’, ‘उपाय’ करून टाकतं, किंवा ‘भि’सारखं काहीतरी देतं. तसे लेख असतील तर त्यातल्या निदान शंभर ओळी शिकवणीत घाला आणि अ पुढे वेलांटी अशी दोन चिन्हं टंका. काही फॉन्टमध्ये तिथे ठिपक्यांचं वर्तुळ दिसतं. ते फॉन्टचं वागणं आहे, मजकूर बरोबर असतो, घाबरून इ करू नका. ‘इंडिक’ प्रकारातली वैधतेची तपासणी अशा ओळी नाकारते का ते मात्र पहिल्याच फेरीत संदेश वाचून बघा. नाकारत असेल तर ते लेख वेगळे काढून हाताने टंकणं लवकर होईल.

जाहिरातींची पानंही वेगळी काढा. तिथे पीएसएम ६ उपयोगाचा नाही, ११ द्या, सुटे शब्द मिळतील. सजावटी अक्षरं कुठलंच इंजिन धड वाचत नाही.